सत्तर-तीस

लँकेस्टर, रविवार, ४ डिसेंबर २०२२

काल रात्री टॉटनहॅमच्या उघड्या मैदानात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, टायसन फ्युरीनं डेरेक चिसोराला दहाव्या फेरीपर्यंत बडवलं. ही दोघांची तिसरी लढत. २०११ आणि २०१४ मध्ये काय झालं होतं ते ठाऊक असताना ही तिसरी कुणी मागितली होती, देव जाणे. आमच्या हॉस्पिटलातल्या पोर्टरनं घरच्या टीव्हीवर बघायला पंचवीसेक पौंड मोजले. तो मोरकमचा, आणि फ्युरीही मोरकमलाच राहतो. आपल्या गावचा माणूस म्हटल्यावर पैशाला काय बघायचं, असं त्याचं म्हणणं.

खरी गंमत लढत संपल्यावर झाली. ओलेक्झांडर उसिक दोरांपलीकडे येऊन उभा राहिला. फ्युरी त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन वाट्टेल ते बोलत होता आणि उसिक पापणी न हलवता नुसता बघत होता. फ्युरीकडे डब्ल्यूबीसीचा बेल्ट, उसिककडे डब्ल्यूबीए, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ असे तीन. १९९९ मध्ये लेनॉक्स लुईसनं सगळं एका हाती आणलं, त्यानंतर हेवीवेटला एकच धनी असा मिळालाच नाही. आता हे दोघं लढले की प्रश्न मिटला. पोर्टर म्हणतो, मार्चपर्यंत होईल.

शनिवार, ११ मार्च २०२३

कालपासून चहाच्या खोलीत दुसरा विषय नाही. फ्युरीनं व्हिडिओ टाकला: सत्तर टक्के माझे, तीस तुझे. घ्यायचे तर घे, नाहीतर चालू लाग; आणि जितके दिवस लावशील तितका रोज एक टक्का कापणार. दिवस मावळायच्या आत उसिकचं उत्तर आलं. त्याला ‘हावऱ्या पोटा’ म्हणून हाक मारत त्यानं सत्तर-तीस कबूल करून टाकलं. वर अट घातली की लढत संपताक्षणी फ्युरीनं युक्रेनला दहा लाख पौंड द्यायचे, आणि चालढकल केली तर रोज आपल्या कमाईतला एक टक्का तिकडच्या लोकांना. तारीख २९ एप्रिल, जागा वेम्बली.

उत्तर यायच्या आधी पोर्टरनं औषधांच्या पावतीमागे हिशेब मांडला होता. उसिक महिनाभर गप्प बसला असता तर ९ एप्रिलला त्याचा वाटा शून्य, आणि २९ तारखेला लढण्यासाठी त्यालाच फ्युरीला वीस टक्के द्यावे लागले असते. ती पावती मला हवी होती, पण त्यावर रुग्णाचा नंबर होता, म्हणून श्रेडरमध्ये घातली.

पोर्टरचा मुद्दा साधा आहे. गर्दी कोण आणतो? गेल्या एप्रिलात डिलियन व्हाइटशी लढत झाली तेव्हा वेम्बलीत ९४,००० माणूस होतं. उसिकसाठी इथं तिकीट कोण काढणार? औषधांची व्हॅन घेऊन येणारा मँचेस्टरचा गडी जोशुआभक्त. त्यामुळे फ्युरीचं त्याला काहीच पटत नाही. तो म्हणतो, उसिकनं आमच्या जोशुआला टॉटनहॅमच्या मैदानात, हजारो लोकांदेखत, त्याच्या घरात घुसून हरवलं. मग जेद्दामध्ये पुन्हा हरवलं. तीन बेल्टवाल्याला तीस आणि एका बेल्टवाल्याला सत्तर, हा कुठल्या शाळेतला हिशेब?

मी विचारलं, सत्तर टक्के, पण कशाचे?

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. तिकिटांचे पैसे, पे-पर-व्ह्यू, परदेशातले प्रक्षेपणाचे हक्क, प्रायोजक, हे सगळं एका थैलीत येतं. त्यातून स्टेडियमचं भाडं, आधीच्या छोट्या लढतींचे बॉक्सर, विमा, सुरक्षा, प्रमोटरांचे हात ओले करणं हे जातं. उरतं त्याची वाटणी. ते किती उरणार हे ना पोर्टरला माहीत, ना व्हॅनवाल्याला, ना मला. आकडा ठाऊक नसलेल्या रकमेच्या टक्क्यांवर तीन माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती.

व्हाइटच्या लढतीचा आकडा ठाऊक आहे, कारण तिथं पर्स बिड झालं होतं. दोन्ही बाजूंचं जमेना तेव्हा डब्ल्यूबीसीनं बंद पाकिटांत बोली मागवल्या. फ्युरीचा प्रमोटर फ्रँक वॉरन याच्या कंपनीनं ४ कोटी १० लाख २५ हजार डॉलर लिहिले आणि लढत त्यांची झाली. दहा टक्के जिंकणाऱ्यासाठी बाजूला काढले, उरलेल्याचे ऐंशी-वीस. म्हणजे व्हाइटच्या वाट्याला पंचाहत्तर लाखांच्या आत-बाहेर डॉलर. तेव्हा कुणी ‘अन्याय’ म्हणून ओरडलं नाही, कारण व्हाइट आव्हानवीर होता. इथं दोघंही विजेते. चारही संघटना आपापल्या विजेत्याला आपापला आव्हानवीर नेमून देऊ शकतात. दोन विजेत्यांना एका रिंगणात ओढून आणण्याचा अधिकार कुणालाच नाही. म्हणून हा निव्वळ खासगी सौदा, आणि खासगी सौद्यात ज्याला गरज जास्त त्याची मान खाली.

पण हेही खरं की कमी पैसे घेऊन लढायला तयार असलेल्या माणसाला अडवणं अवघड असतं. १९०८ मध्ये सिडनीत टॉमी बर्न्सनं ३०,००० डॉलर घेतले आणि जॅक जॉन्सनला ५,००० मिळाले. टक्के काढले तर पंच्याऐंशी-पंधरा. जॉन्सन काळा, गोरा विजेता त्याच्याशी रिंगणात उतरायला तयार होतोय हीच संधी, म्हणून त्यानं हुज्जत घातली नाही. चौदाव्या फेरीत पोलिसांना मध्ये पडावं लागलं आणि किताब जॉन्सनकडे गेला. १९७१ ला अली आणि फ्रेझियर यांनी २५-२५ लाख डॉलर घेतले, अगदी बरोबरीनं, तेव्हा वाट्यावरून कुणी बोललंच नाही. व्हॅनवाला म्हणाला, तुला हे सगळं कुठून माहीत? नाइट शिफ्टला दुसरं काय करणार.

सोमवार, १३ मार्च

कोल्हापूरहून दादाचा फोन. जानेवारीतल्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेखविरुद्ध बाहेरच्या टांगेचे गुण दिले, त्यावरून तो अजून तापलेलाच आहे. मी त्याला सत्तर-तीसची कथा सांगितली.

“आरं, आपल्याकडं जत्रेच्या पत्रकावरच इनाम छापत्यात की. कुस्ती कुणाची कुणाशी आन् किती रुपयांची, सगळ्या गावाला ठावं. हितं बघणाऱ्याला काय ठावं?”

काहीच नाही, म्हणालो.

“मग कशावरनं भांडताय रं?”

गुरुवार, १६ मार्च

आता टक्के मागे पडले. फ्युरीनं नवं काढलंय: फेरलढतीचं कलमच नको, दोघांनाही नको. एकदा लढायचं, हरला तो घरी. पोर्टर खूश. ‘बघ, मर्दासारखं बोलला.’ मला उलट वाटतं की आत्तापर्यंत पैशांच्या नावानं जे चाललं होतं त्याचं खरं टोक इथं आहे.

रीमॅचचं कलम हा हरणाऱ्याचा विमा. जोशुआ २५ सप्टेंबर २०२१ ला हरला, तरी कलम होतं म्हणून पुढच्या ऑगस्टमध्ये त्याला थेट पुन्हा तीच लढत मिळाली, मधे कुणाशी भिडावं लागलं नाही. एवढं मोठं कवच दुसरं नाही. म्हणून चर्चेत दोन्ही बाजूंचे वकील त्यावरच घासतात: कलम हवं का, कुणाला हवं, आणि फेरलढत झाली तर तिथं वाटा किती? पहिल्या लढतीत तीस घेणारा जिंकला तर दुसऱ्यात त्यानं सत्तर घ्यायचे की पुन्हा तीसच? माझ्या मते उसिक तीसला तयार झाला ते याच हिशेबानं. आधी जिंकायचं, मग दर आपण ठरवायचा. ही माझी अटकळ. करार माझ्यासमोर नाही, तसा तो चहाच्या खोलीत कुणाच्याच समोर नाही.

आणि कलम किती दूरवर हात पोचवतं ते फ्युरीला सांगायला नको. १६ मे २०२१ ला त्यानं स्वतः जाहीर केलं होतं की १४ ऑगस्टला सौदी अरेबियात जोशुआशी लढत पक्की. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या लवादानं निकाल दिला: डिऑन्टे वाइल्डरशी झालेल्या करारात तिसरी लढत बाकी आहे, ती आधी. जोशुआची लढत एका दिवसात हवेत विरली. इथल्या बॉक्सिंगवेड्यांना फसवल्यासारखं झालं ते तेव्हापासून. फ्युरीच्या प्रत्येक व्हिडिओकडे आता ते डोळे बारीक करून बघतात. त्यात त्याचा दोष किती, हा वेगळा प्रश्न. कराराच्या मागच्या पानावर काय लिहिलंय हे वाचायचं काम बॉक्सरचं असतं की त्याच्या वकिलाचं?

लाँड्रीत काम करणाऱ्या युक्रेनी बाई आज दोन मिनिटं थांबल्या. त्या खार्कीव्हच्या, गेल्या उन्हाळ्यात इथं आल्या. उसिकबद्दल पोर्टरनं विचारलं तर म्हणाल्या, माझ्या नवऱ्याला विचारा, त्याला बॉक्सिंग कळतं. नवरा तिकडेच आहे. पोर्टरला पुढे काय बोलावं सुचेना, तर त्यांनीच विचारलं, ‘दहा लाख पौंड म्हणजे खरंच देईल का तो?’

बुधवार, २२ मार्च, पाडवा

खिडकीच्या आतून गुढी उभारली. बाहेर वारा असा की तांब्या थेट खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याच्या गाडीवर पडला असता. पडद्याच्या दांडीला आईचा जुना खण, साखरेच्या गाठीऐवजी गळ्यात बत्ताशांची माळ, आणि कडुनिंब पाकिटातला, प्रेस्टनच्या दुकानातून आणलेला, वाळून कुरकुरीत झालेला. ग्रीक योगर्ट रात्रभर फडक्यात टांगून श्रीखंड केलं. ते दही मुळातच घट्ट असतं, त्यामुळे चक्का चांगला पडतो. एवढी एकच गोष्ट इथं घरच्यापेक्षा सोपी आहे.

पूजा करून फोन उघडला तर सगळीकडे एकच बातमी. उसिकचा प्रमोटर अलेक्झांडर क्रासिउक यानं सांगून टाकलं की लढत होत नाही. त्याचं गाऱ्हाणं असं की उसिक जितका नमत गेला तितका समोरचा चढत गेला. फ्युरी त्याच्या मानेवर खोगीर टाकून स्वार व्हायला निघाला होता. अडलं ते फेरलढतीच्या अटींवर. सत्तर-तीस कबूल होऊन बारा दिवस झाले होते. फ्रँक वॉरन अर्थातच सगळं फ्युरीच्या माथी मारायला तयार नाही.

दुपारी शिफ्टला गेलो. श्रीखंडाचा डबा चहाच्या खोलीत ठेवला. पोर्टरनं चमचाभर खाल्लं, ‘चीजकेक का?’ म्हणाला, मग तीन चमचे खाल्ले. तोंड मात्र पडलेलं होतं. त्यानं वेम्बलीच्या तिकिटासाठी भावाकडे पैसे देऊन ठेवले होते. तिकिटविक्री सुरूच झाली नव्हती, म्हणजे पैसे बुडाले नाहीत, पण भाऊ ते परत देईल याची त्याला खात्री नाही. व्हॅनवाला आज मुद्दाम वर आला. हा माणूस एरवी माल खाली ठेवून फोन करतो, वर येत नाही. ‘मी सांगितलं होतं ना, तो पळणार.’

‘कोण?’ पोर्टर म्हणाला. ‘क्रासिउकनं मोडली. निघून गेला तो.’

इथून पुढे अर्धा तास कुणी मोडली यावर गेला. लग्न मोडलं की दोन्हीकडचे पाहुणे हेच करतात.

रविवार, २६ मार्च

चार दिवस झाले तरी लोकांचं मन भरत नाही. मी आता ऐकण्याचंच काम करतो. आणि एक लक्षात येतं: कुणीही पैशांबद्दल भांडत नाही. पैसा हे निमित्त. खरी फिर्याद एकच, कोण कुणाला घाबरला. पोर्टर म्हणेल, फ्युरी ३४ वर्षांचा, सहा फूट नऊ इंच, डसेलडोर्फला जाऊन क्लिच्कोला हरवून आलेला, तो कशाला घाबरेल? व्हॅनवाला म्हणेल, मग चिसोराशी तिसऱ्यांदा का लढला?

घाबरणं हे उत्तर चाहत्याला फार सोयीचं असतं, कारण त्याला करार वाचावा लागत नाही. आणि कधीकधी ते खरंही असतं. १९९२ च्या डिसेंबरमध्ये रिडिक बोनं लंडनमध्येच पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसीचा बेल्ट कचऱ्याच्या डब्यात टाकला, पण लेनॉक्स लुईसशी लढला नाही. कधीच लढला नाही. चार वर्षांपूर्वी सोलच्या ऑलिम्पिकमध्ये लुईसनं त्याला अंतिम लढतीत हरवलं होतं. त्याला घाबरला म्हणायला माझी ना नाही.

पण २०१८ घ्या. वाइल्डरच्या बाजूनं जोशुआला ५ कोटी डॉलर देऊ केले, ईमेलनं. इथल्या निम्म्या लोकांना वाटलं जोशुआ पळाला, निम्म्यांना वाटलं ईमेल म्हणजे करार नव्हे. दोघांत खरं कोण, हे पाच वर्षांनी अजून ठरलेलं नाही, आणि ती लढत अजून झालेली नाही. तिथं भीतीपेक्षा वेगळं काही होतं. दोघांचे टीव्हीवाले वेगळे, प्रमोटर वेगळे, आणि प्रत्येकाला असं वाटत होतं की आपल्या माणसाच्या अजून एक-दोन लढती झाल्या की ही थैली दुप्पट होईल. थांबलं तर मोठी होईल असं वाटणारी लढत बहुतेक वेळा थांबतच जाते, आणि मधेच कुणीतरी हरतो.

पोर्टरला हे सांगितलं तर म्हणाला, तू फार विचार करतोस. फ्युरी परवा सकाळी किनाऱ्यावर, एरिक मोरकमच्या पुतळ्याच्या अलीकडे, पळताना दिसला म्हणे. व्हॅनवाल्याचा लगेच प्रश्न: कुठल्या दिशेनं?

रविवार, ३० एप्रिल

काल काहीच झालं नाही.

शनिवार, ३० सप्टेंबर

झालं! काल रियाधहून घोषणा झाली, दोघांनी सह्या केल्या. तारीख नंतर, बहुधा वर्षाअखेर. त्याआधी पुढच्या महिन्यात फ्युरी फ्रान्सिस न्गानूशी तिथंच लढणार. न्गानू हा पिंजऱ्यातल्या कुस्त्यांचा माणूस, बॉक्सिंगची एकही व्यावसायिक लढत त्याच्या नावावर नाही. दरम्यान उसिकनं ऑगस्टमध्ये पोलंडमध्ये डॅनियल दुबुआला निकालात काढलं, कारण मार्चमध्ये सौदा मोडल्यावर डब्ल्यूबीएचा आव्हानवीर दारात उभाच होता.

आणि आज चहाच्या खोलीत टक्क्यांचं नाव नाही! सहा महिन्यांपूर्वी यांनी त्यावरून एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. मी मुद्दाम विचारलं, आता वाटा किती? पोर्टर म्हणाला, कुणास ठाऊक, दोघांना भरपूर. सौदीचा तुर्की अलालशिख यजमान, पैसा यजमानाचा. वेम्बलीत थैली मोजूनमापून होती, म्हणून तिच्यातला एकेक टक्का बोचत होता. तिकडं थैलीला तळच नाही. मग शौर्याच्या, गर्दीच्या, तीन विरुद्ध एक बेल्टच्या गोष्टी करायचं कारणच उरत नाही.

मला हे आवडलं असं म्हणवत नाही. मार्चमधलं भांडण फालतू होतं, पण ते ज्यांचं होतं त्यांच्याच पैशावरून होतं: तिकीट काढणारे, टीव्हीसाठी पंचवीस पौंड मोजणारे पोर्टर-व्हॅनवाले. थैली त्यांच्या खिशातून भरायची म्हणून वाटणीवर बोलायचा त्यांना हक्क होता. आता लढत त्यांच्या खिशावाचून होते, म्हणून त्यांच्या मतावाचूनही होते. वेम्बलीला दोन रेल्वे बदलून जाणारा माणूस रियाधला कुठून जाणार? पोर्टरला मात्र यात काही खुपत नाही. ‘लढत होतेय ना? मग झालं.’

रविवार, २९ ऑक्टोबर

न्गानूनं तिसऱ्या फेरीत फ्युरीला जमिनीवर पाडलं. पंचांनी फुटीर निकालात फ्युरीला दिलं खरं, पण व्हॅनवाल्यानं रविवारची सुट्टी असून मला तीन मेसेज केले. चवथा पोर्टरचा: ‘सराव केला नव्हता त्यानं.’

शनिवार, ३ फेब्रुवारी २०२४

१७ फेब्रुवारीला ठरलेली फ्युरी-उसिक लढत पुढे गेली. सरावात फ्युरीच्या उजव्या डोळ्यावर खोक पडली. फोटोत जखम स्पष्ट दिसते, खोल, उघडी. मी औषधांच्या कपाटापाशी काम करतो, टाक्यांची जखम मला ओळखू येते. हा मेकअप नव्हे. व्हॅनवाला ऐकायला तयार नाही. पळाला, पुन्हा पळाला. युक्रेनी बाईंनी फोटो हातात घेऊन मोठा करून बघितला, आठ टाके तरी पडतील म्हणाल्या, आणि फोन परत दिला.

रविवार, १९ मे

काल मध्यरात्रीच्या सुमाराला निकाल लागला. उसिक. दोन पंचांनी त्याला ११५-११२ आणि ११४-११३ दिलं, तिसऱ्यानं फ्युरीला ११४-११३. नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर इकडून तिकडे भेलकांडत गेला. दोर नसते तर आडवाच झाला असता. रेफरीनं मोजायला सुरुवात केली आणि घंटेनं त्याला वाचवलं. उसिक त्याच्यापेक्षा सहा इंच बुटका. मधल्या काही फेऱ्यांत पोटावर ठोसे खाऊन मागे रेटला जात होता, तरी पुढे येणं त्यानं थांबवलं नाही. चार बेल्टच्या काळातला हेवीवेटचा पहिला निर्विवाद विजेता.

फ्युरी रिंगणातच म्हणाला की मीच जिंकलो, पण ज्याचा देश युद्धात आहे त्याच्या बाजूनं लोक झुकतात. आज सकाळी शिफ्टला पोर्टरनं हे जसंच्या तसं लाँड्रीत जाऊन सांगितलं. कशाला सांगितलं, ते त्यालाच ठाऊक. बाई चादरींच्या घड्या घालत होत्या. म्हणाल्या, ‘सहानुभूती म्हणून एक गुण दिला असेल, तर तो आम्ही परत करतो. दोन बाकी राहतील ना?’ मग मला विचारलं, फुटीर निकालात हे असं वजा करता येतं का? मी म्हटलं, नाही. उसिकला ११४-११३ देणाऱ्या पंचाचा एक गुण काढला तर त्याची बरोबरी होते आणि सगळी लढतच बरोबरीत जाते. ‘मग राहू दे,’ म्हणाल्या.

फेरलढत करारात आहेच. या वेळी ते कलम कुणालाच नडलं नाही. आयबीएफचा बेल्ट मात्र उसिककडे फार दिवस राहणार नाही, त्यांचा आव्हानवीर रांगेत आहे. म्हणजे पंचवीस वर्षं वाट बघून मिळालेला एकच धनी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा अपुरा होणार. पोर्टरला त्याचं काही नाही, त्याला फेरलढतीची तारीख हवी.

व्हॅनवाल्यानं मधेच जोशुआचं नाव काढलं. फेरलढतीतही फ्युरी हरू दे, मग जोशुआ-फ्युरी लावा, वेम्बलीत. दोघांकडे एकही बेल्ट नाही, मग वाटणी कशी?

‘साठ-चाळीस,’ पोर्टर म्हणाला. ‘२०२२ मध्ये फ्युरीनं तेच देऊ केलं होतं.’

‘तेव्हा तो विजेता होता. आता साठ आमचे.’

मी ब्रेक संपवून खाली आलो तेव्हा ते पंचावन्न-पंचेचाळीसवर आले होते.